जुन्या एमपीएफआय गाडीची ताकद वाढवायची तर आधी काय, मग काय

साताऱ्यातून कासकडे निघालं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि तिथे जुन्या गाडीचं खरं वय कळतं. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यात टाकावी लागते, एसी बंद करावा लागतो, मागून येणाऱ्या वडापला वाट द्यावी लागते. मग मालक पिकअप वाढवायला निघतो आणि उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कोन फिल्टर, मग मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, मग ऑनलाइन मागवलेली चिप. खिसा रिकामा झाल्यावर कुणीतरी प्लग काढून बघतं आणि चारपैकी एक काळाकुट्ट निघतो.

हीच चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कामाचा क्रम एकदा नीट लिहून ठेवावा असं वाटलं. हा लेख साधारण १९९८ ते २०१० या काळातल्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजेक्शन गाड्यांसाठी (एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर) आहे: एस्टीम, झेन, वॅगनआर, सॅन्ट्रो, व्हीटेक सिटी, आयकॉन. डिझेलची गोष्ट वेगळी, ती इथे नाही.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. अशा गाडीत बाहेरून जेवढी ताकद घालता येते, त्यापेक्षा वयामुळे हरवलेली ताकद जवळजवळ नेहमीच जास्त असते. १.३ लिटरची एमपीएफआय एस्टीम नवी असताना ८५ बीएचपीची होती. वीस वर्षांच्या वापरानंतर त्यातले दहा-पंधरा कुठे ना कुठे गळालेले असतात. महागडे पार्ट लावून मिळतात चार-पाच. म्हणून आधी गळती शोधायची.

## टप्पा १: तयारी आणि मोजमाप

मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. ‘आता हलकी वाटते’ हे मोजमाप नाही. पैसे खर्च केले की प्रत्येक गाडी दोन दिवस हलकी वाटते.

आपला परिसर उंचावर आहे हे इथले मेस्त्रीसुद्धा हिशेबात धरत नाहीत. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो. सांगलीत तो साधारण ९५, साताऱ्यात ९२-९३ आणि महाबळेश्वरात ८६ च्या आसपास उतरतो. दाब घटला की सिलिंडरमध्ये हवा कमी भरते आणि तेवढ्याच प्रमाणात ताकद घटते. म्हणजे कागदावर ८५ बीएचपी असलेलं ठणठणीत इंजिनही साताऱ्यात ७८ च्या आसपासच देणार. हा बिघाड नाही आणि कोणत्याही फिल्टरने तो भरून निघत नाही. रत्नागिरीच्या पाहुण्याची तीच गाडी तिकडे जास्त पळते, यात काही गौडबंगाल नाही.

जमवायचं सामान:

- गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल. प्लगचा गॅप, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप, पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशन हे आकडे त्यातूनच घ्यायचे.
- कॉम्प्रेशन गेज, पेट्रोलचं प्रेशर गेज, मल्टिमीटर, फीलर गेज आणि डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) असलेल्या गाडीसाठी टायमिंग लाइट. विकत घेण्याची गरज नाही, हे सामान असलेला मेस्त्री गाठा.
- स्कॅनर. भारतात ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड स्कॅनरला सांगायची सोय) सक्तीची झाली ती २०१० नंतर. त्याआधीच्या कित्येक गाड्यांशी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाही, त्यांना कंपनीचा प्रोटोकॉल समजणारा गॅरेजचा स्कॅनर लागतो. ‘कनेक्ट होत नाही, म्हणजे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला’ असा निष्कर्ष काढू नका.
- एक वही.

आता मोजणी. ओळखीचा सपाट, सरळ, मोकळा रस्ता निवडा आणि सकाळी लवकर जा. गाडी पूर्ण गरम करा. तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या जरा खाली स्थिर चालवा, मग पेडल पूर्ण दाबा आणि ३० ते ६० ला किती सेकंद लागतात ते मोजा. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर स्पीडोमीटरचं चित्रण करायचं, नंतर सावकाश सेकंद मोजता येतात. जाताना तीनदा, येताना तीनदा, आणि सहाची सरासरी. दर वेळी टाकीत पेट्रोल साधारण तेवढंच, माणसं तेवढीच, एसी बंद.

वहीत हवेचं तापमानही लिहा. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता ३ टक्क्यांच्या आसपास घटते. मे महिन्यातल्या दुपारचा आकडा आणि डिसेंबरच्या सकाळचा आकडा यांची तुलना केली तर काहीही न करता गाडी सुधारल्यासारखी दिसेल.

सावधान: ही चाचणी घाटात किंवा महामार्गावर करू नका. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगमध्ये काही खोट असेल तर हा लेख इथेच मिटा आणि आधी ते काम करा. थांबता न येणाऱ्या गाडीला ताकद देणं हा गुन्हा आहे.

## टप्पा २: बिनपैशाच्या तपासण्या

एकही पार्ट बदलण्याआधी या सगळ्या करा. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं.

पेडल पूर्ण दाबलं की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतं का? इंजिन बंद ठेवून एकाने पेडल शेवटपर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने एअर पाइप काढून थ्रॉटलची पाकळी बघायची. ती पूर्ण आडवी, हवेच्या वाटेला समांतर व्हायला हवी. जुनी केबल सैल पडलेली असते किंवा पेडलखाली जाड मॅट अडते. सांगलीच्या माझ्या मामेभावाने सॅन्ट्रोसाठी इंजेक्टर, पंप, प्लग सगळं बदललं होतं. पाकळी पाऊणच उघडत होती. त्याने एकावर एक दोन मॅट टाकल्या होत्या.

ब्रेक घासतो का? सपाट जागी गाडी न्यूट्रल करून हाताने ढकला. दहा किलोमीटर चालवून प्रत्येक रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर कॅलिपर किंवा हँडब्रेक अडकतोय.

क्लच सरकतो का? चौथ्या गिअरमध्ये ४० वर पेडल दाबल्यावर आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर क्लचप्लेट गेली. इंजिनला हात लावू नका.

टायर मूळ मापाचे आहेत का? १३ इंची चाकांच्या जागी १५ इंची अलॉय घातले की चाकं जड होतात आणि टायरचा बाहेरचा व्यासही वाढला तर गिअर लांब पडतो. गाडी देखणी होते, पण घाटात बसते.

सीएनजी किट आहे का? जुन्या पद्धतीच्या किटमध्ये हवेच्या वाटेत मिक्सर बसवलेला असतो. तो वाट अरुंद करतो आणि पेट्रोलवर चालवतानाही ताकद खातो. किट काढलं तरी मिक्सर तिथेच विसरलेला मी पाहिला आहे.

चेक इंजिनचा दिवा. किल्ली ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली ऑन केल्यावरही लागत नसेल तर आधीच्या मालकाने बल्ब काढला असण्याची शक्यता धरा. जुनी गाडी विकताना हा उद्योग सर्रास होतो.

## टप्पा ३: इंजिन नीट तापतं का?

हा टप्पा लोक वगळतात, म्हणून मी तो वर आणला आहे. इंजिन योग्य तापमानाला येत नसेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात.

माझ्या एस्टीमची कहाणी सांगतो. थंडीत मेढ्याच्या रस्त्याला तापमानाचा काटा पाव भागाच्या वर कधी जायचाच नाही. मला त्याचं कौतुकच वाटायचं, गाडी थंड राहते म्हणून. स्कॅनर लावला तेव्हा चालत्या गाडीत पाण्याचं तापमान ६१ अंश दिसलं. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नव्हता. बारीक गंजाची कडी, जुन्या पॅकिंगचा तुकडा आणि मधे मोकळं भोक. काही वर्षांपूर्वी रेडिएटरच्या कामात मेस्त्रीने तो काढून टाकला होता, ‘आता गाडी कधी तापणार नाही’ या भल्या हेतूने, आणि मला सांगायचं राहून गेलं होतं.

थर्मोस्टॅट नसला की ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंडच आहे. ते पेट्रोल जास्त सोडत राहतं, प्लग काळे पडतात, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि थंड ऑइलच्या घट्टपणाशी झुंजण्यात ताकद जाते. ८२ अंशांना उघडणारा मूळ थर्मोस्टॅट बसवल्यावर माझी ३० ते ६० ची वेळ जवळजवळ अर्ध्या सेकंदाने कमी झाली आणि ॲव्हरेज सुधारलं ते वेगळंच. इतक्या कमी पैशात इतका फरक मला दुसऱ्या कशात दिसलेला नाही.

पडताळणी: पंधरा मिनिटं चालवल्यावर पाणी ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान स्थिर राहायला हवं. स्कॅनरवरचा आकडा आणि डॅशबोर्डचा काटा मेळ खात नसतील तर लक्षात घ्या, बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा वेगळा असतो. थर्मोस्टॅट बसवला की गाडी ओव्हरहीट होत असेल तर रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंपाचं दुखणं आहे. ते दुरुस्त करा, थर्मोस्टॅटवर राग काढू नका.

## टप्पा ४: कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडर आतली हवा किती दाबतो ते. या चाचणीवर पुढच्या सगळ्या खर्चाचा निर्णय अवलंबून आहे. क्रम असा:

1. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा. बॅटरी भरलेली हवी.
2. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि कॉइलचा कनेक्टर सोडवा.
3. चारही प्लग काढा. एकच काढून चाचणी केली तर इंजिन मंद फिरतं आणि आकडा चुकतो.
4. एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचं. हे विसरलं की हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही मेल्यासारखं दिसतं. या एका चुकीपायी इंजिनं उघडली गेली आहेत.
5. गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा, साधारण पाच-सहा झटके. चारही सिलिंडरना झटके सारखेच.

सुझुकीच्या १.३ लिटर इंजिनाला मॅन्युअलचा नेहमीचा आकडा १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे, किमान १२, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये फरक १ पेक्षा जास्त नको. पण इथेही उंची आड येते. साताऱ्यात गेजवरचा आकडा सुमारे ८ टक्के कमीच दिसणार, म्हणजे निरोगी इंजिन १३ च्या जरा खाली दाखवेल. तेवढ्यावरून ‘रिंगा गेल्या’ असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका. एकूण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक जास्त बोलका असतो.

एखादा सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर संशय त्यांच्या मधल्या पॅकिंगवर घ्या.

चारही एकसारखे कमी असतील तर इंजिन उघडण्याआधी टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून बघा. बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला तरी गाडी चालू राहते, फक्त कधी कमी आरपीएमचा ओढा (जोर) जातो तर कधी जास्त आरपीएमचा. बेल्ट कधी बदलला हे ठाऊक नसेल तर बदलूनच टाका. त्याच वेळी टॅपेटही तपासा. ज्या इंजिनात ते हाताने सेट होतात आणि गाडी सीएनजीवर भरपूर चालली आहे, तिथे व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेट घट्ट होत जातात. आवाज येत नाही म्हणून सगळं छान आहे असं वाटतं, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतो आणि हळूहळू जळत असतो. टॅपेट थोडे वाजलेले परवडतात, घट्ट परवडत नाहीत.

थांबा: कॉम्प्रेशन खरोखर गेलेलं असेल तर पुढचे टप्पे करू नका. पैसे साठवा आणि हेडचं किंवा रिंगांचं काम आधी करा.

## टप्पा ५: हवेची वाट

फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टर काळा असेल तर मूळ कंपनीचा नवा घाला. झटकून आणि हवा मारून पुन्हा पुन्हा वापरू नका, कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ आत जाते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून चालणाऱ्या गाडीचा फिल्टर तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट न बघता बदला.

मग डब्याला बाहेरची थंड हवा आणणारी नळी शोधा, बहुतेक हेडलाइटच्या मागे किंवा मडगार्डच्या आत. अपघाताच्या कामात ती तुटते आणि कुणी परत लावत नाही. मग इंजिन बॉनेटमधली ५०-६० अंशांची हवा ओढत बसतं. उघडा कोन फिल्टर लावल्यावर हेच होतं. आवाज भारी येतो, चौकात लोक वळून बघतात आणि सेकंद वाढतात.

थ्रॉटल बॉडी काढून थ्रॉटल क्लीनरने आणि मऊ फडक्याने पुसा. पाकळीच्या कडेची काजळी काढायची, पण आयडल सेन्सरच्या आत फवारा मारायचा नाही. ज्या थोड्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर आहे, त्याला कार्ब्युरेटर क्लीनर कधीही लावू नका. त्याची तार नाजूक असते.

हवेची गळती शोधायला मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि प्रत्येक रबरी नळीवर साबणाचं पाणी बारीक फवारा आणि कान द्या. आयडल बदललं तर जागा सापडली. बरेच जण इथे पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारतात. तापलेल्या बेंड पाइपवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर) तो पडला तर आग लागते. असं करू नका.

पडताळणी: स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब गरम आयडलला साधारण ३० ते ४० किलोपास्कल हवा. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना तोच सेन्सर साताऱ्यात ९२-९३ दाखवायला हवा. ८० किंवा १०१ दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि ईसीएम त्या खोट्यावर पेट्रोल सोडतंय.

## टप्पा ६: करंट

प्लग काढून क्रमाने मांडा आणि फोटो घ्या. फिकट तपकिरी चांगला, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला काळा म्हणजे ऑइल, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त.

नवे प्लग मॅन्युअलमधल्या नंबरचेच घ्या. खोक्यातून काढले तसे बसवू नका, गॅप फीलर गेजने बघा. इरिडियम प्लगने ताकद वाढत नाही, आयुष्य वाढतं. प्लग हाताने पूर्ण फिरवत बसवा आणि मगच पाना लावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आडवा आटा पडला तर त्या दुरुस्तीपुढे प्लगची किंमत काहीच नाही.

प्लगच्या वायर रात्री तपासा. पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू करा आणि वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या दिसल्या तर सेट बदला. चालू इंजिनात या वायरींना हात लावू नका. डेल्को असलेल्या गाडीत कॅप आणि रोटर बघून घ्या.

डेल्को ढिला करून कानाने टायमिंग पुढे घेण्याची आपल्याकडे फार खोड आहे. आयडलला इंजिन टणटणीत वाजतं, मालक खूश होतो. पुढे घाटात तिसऱ्या गिअरला पेडल दाबलं की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तेच नॉकिंग, आणि ते पिस्टन फोडतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं टेस्ट टर्मिनल जोडून, ईसीएमचा स्वतःचा ॲडव्हान्स थांबवून, टायमिंग लाइटने मूळ खुणेवर आणा. बहुतेक गाड्यांत तेवढ्यानेच हरवलेला ओढा परत येतो.

बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या अर्थिंगच्या पट्ट्या काढून घासून परत लावा. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर पट्टी बदला. वेगळी ‘ग्राउंडिंग किट’ घेण्याची गरज नाही.

## टप्पा ७: पेट्रोल

सावधान: पेट्रोलच्या लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब असतो. आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा, मगच सांधा उघडा. जवळ पेटतं काही नको आणि अग्निशामक हाताशी हवा.

रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या जुन्या सुझुकी इंजिनात पंप चालू आणि इंजिन बंद असताना दाब २.७ ते ३.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आयडलला २.१ ते २.६. पण आयडलचा आकडा बघून ‘पंप चांगला आहे’ म्हणू नका. दम संपतो तो पूर्ण रेसवर. गेजची नळी लांब घेऊन ते काचेबाहेर चिकटवायचं आणि घाटात पूर्ण पेडलवर बघायचं. दाब पडत असेल तर आधी फिल्टर, मग पंपाच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज तपासा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी मिळत असेल तर दोष वायरिंग किंवा रिलेचा आहे. नवा पंपही तिथे तसाच रडेल.

इंजेक्टर बाहेर काढून अल्ट्रासोनिकने धुवून घ्या आणि धुण्याआधीचं व नंतरचं प्रमाण लिहून मागा. चौघांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ओ-रिंग नव्याच घाला. टाकीत ओतायच्या बाटलीने हे काम होत नाही.

आता इथेनॉलचं बघू. ऊस आपला, कारखाने आपले, त्यामुळे हा विषय आपल्याकडे चहाच्या टपरीवरही निघतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्याला जळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग, या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणून जुन्या गाडीचं ईसीएम ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने पेट्रोल वाढवत राहतं, आणि स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतंय तो आकडा) +५ ते +८ दिसू शकतो. एवढ्यावरून गळती शोधत बसू नका. +१२ च्या वर गेला तर मात्र गळती, कमी दाब किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी आहेच. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ होतात आणि चिरतात, म्हणून लाइनच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घाला.

नॉकिंग नसेल तर ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घालून ताकद वाढत नाही.

## टप्पा ८: सेन्सर आणि सायलेन्सर

थ्रॉटल सेन्सर मल्टिमीटरवर बंद असताना ०.५ ते ०.९ आणि पूर्ण उघड्यावर ४ ते ४.५ व्होल्ट दाखवतो. पेडल सावकाश दाबताना आकडा मधेच उडी मारत असेल तर सेन्सर झिजला. ऑक्सिजन सेन्सर गरम इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा. आळसावला असेल तर बदला, पण मिसिंग (एखाद्या सिलिंडरचं अधूनमधून न पेटणं) आणि गळती आधी काढूनच. नाहीतर नवाही खराब होईल.

सायलेन्सरची लाइन खालून बघा. स्पीडब्रेकरला लागून पाइप चेपतो, आतले पडदे गंजून सुटतात आणि वाट अडवतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का हे ऑक्सिजन सेन्सरच्या जागी छोटं गेज लावून कळतं. २,५०० आरपीएमला दाब १.५ पीएसआयच्या आत हवा, ३ च्या वर गेला तर कॅट तुंबला. तुंबला तर बदला. आतली जाळी फोडून रिकामा डबा परत लावू नका. आवाज आणि वास वाढतो, पीयूसीला गाडी अडते.

पीयूसी केंद्राचं यंत्रही तपासणीसाठी वापरा. सीओ जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय, हायड्रोकार्बन जास्त असेल तर मिसिंग आहे. तो कागद वहीत चिकटवून ठेवा.

## टप्पा ९: आता वाढवायचं असेल तर

इथवर आल्यावर ३० ते ६० पुन्हा मोजा. बहुतेकांना पुढचं काही करावंसं वाटत नाही. तरी करायचं असेल तर माझा क्रम असा.

पहिली थंड हवेची नीट बंदिस्त नळी, मूळ डब्यातच. दुसरं, हेड कोणत्याही कारणाने उघडलं तर तेव्हाच व्हॉल्व्ह सीट कटिंग, लॅपिंग, आणि मॅनिफोल्ड व हेडच्या भोकांच्या कडा जुळवून घेणं. त्यासाठी मुद्दाम हेड उघडू नका. आणि कॉम्प्रेशन वाढवायला हेड जास्त घासू नका, सपाट होण्यापुरतंच. तिसरा चांगल्या बनावटीचा बेंड पाइप, कॅट जागेवर ठेवून.

ईसीएमचं रिमॅपिंग, म्हणजे त्यातले पेट्रोल-टायमिंगचे आकडे बदलणं, सगळ्यात शेवटी. टर्बो नसलेल्या इंजिनात ५ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त कुणी कबूल केलं तर उठून या. २००० च्या आसपासचे कितीतरी ईसीएम ओबीडीतून लिहिताच येत नाहीत. ज्याचं लिहिता येतं, त्याला वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावून पूर्ण रेसवर लॅम्डा (ते प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८६ ते ०.९० मध्ये ठेवूनच मॅप करायला सांगा. तो सेन्सर नसलेल्या माणसाला गाडी देऊ नका. ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या दिवेवाल्या चिप, पेट्रोलच्या नळीवरचे लोहचुंबक, हवेच्या सेन्सरला फसवणारे रेझिस्टर यांना एक रुपयाही देऊ नका. मूळ पिस्टनवर टर्बो किटही नको.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या एमएच ११ आणि एमएच १० च्या बहुतेक जुन्या गाड्या १५ वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, त्यांना दर ५ वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासायला न्यावी लागते. वेगळं इंजिन बसवण्याचा विचार असेल तर आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंतर. विमा कंपनीलाही कळवा.

## टप्पा १०: शेवटची मोजणी

एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलानंतर मोजा. तोच रस्ता, तीच वेळ, तेवढीच माणसं. तीन कामं एकदम केली तर कोणत्या पैशाने काय दिलं हे कधीच कळत नाही, आणि बिघडलं तर कुठे बिघडलं तेही कळत नाही.

सगळं झाल्यावर यवतेश्वर घाट एकदा एसी लावून, काचा खाली करून चढा. तिसऱ्या गिअरमध्ये कान नॉकिंगकडे आणि नजर तापमानाच्या काट्याकडे. वर पोचल्यावर इंजिन बंद करून बॉनेट उघडा, पेट्रोलच्या प्रत्येक सांध्याला कागदी रुमाल लावून बघा आणि ओलावा दिसला तर गाडी तिथून हलवू नका.